खुब्याच्या बाहेरचं दुखणं: माझा अनुभव

डाव्या कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाहेरच्या हाडावर ठणका लागायचा. बडोद्यात मांडवीकडे चालताना डावा पाय टेकला की कंबर उजवीकडे झुकायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लंगडतेस की!"

ग्लूटियस मीडियस आणि मिनिमस या कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) तिथल्या उंचवट्याला चिकटलेल्या असतात. चाळिशीनंतर बायकांमध्ये त्या जास्त झिजतात. एमआरआयमध्ये माझी मीडियसची कंडरा झिजलेली निघाली. त्याहून बोलकी होती पुढची ओळ: मिनिमस बारीक झालेला, त्यात चरबीचे पट्टे, आणि खुब्याच्या पुढचा टेन्सर फॅशिया लाटा हा स्नायू मात्र उजव्याहून जाड. दमलेल्यांचं काम तो ओढत होता! म्हणजे नुसत्या आरामाने भागणार नव्हतं.

स्टिरॉइडचं इंजेक्शनही सुचवलं होतं. पण २०१८ च्या ऑस्ट्रेलियातल्या २०४ जणांच्या चाचणीत ८ आठवड्यांनी स्टिरॉइडपेक्षा व्यायाम आणि सवयींत बदल सरस ठरले होते. मी तेच धरलं.

आधी कंडरेवरचा दाब काढला. पायावर पाय टाकून बसणं बंद, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, फरसाणच्या रांगेत एका पायावर रेलायचं नाही. बाहेरची मांडी ताणणंही सोडलं. त्याने कंडरा हाडावर आणखी दाबली जाते. मग फिजिओच्या देखरेखीखाली ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), रबरी पट्टा लावून बाजूला पावलं, शेवटी पायरी चढणं. सगळं सावकाश. थोडं दुखलं तर चालतं, रात्री ठणकलं तर दुसऱ्या दिवशी भार कमी.

झोप आधी सुधारली, ताकद बऱ्याच महिन्यांनी. कमाटीबागेत आता सरळ चालते. नवरात्रात गरबाही खेळले, मधेमधे बसून.