टर्बो सीची ग्राफिक्स लायब्ररी पारखताना

जुन्या पीसीवरची ग्राफिक्स लायब्ररी पारखायची, तर आधी बघा की काम अडलं की ती काय सांगते; वर्तुळ किती सुबक येतं ते नंतर. सरावाला बोरलँड कंपनीची बीजीआय (बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस) उत्तम. १९८७ साली टर्बो पास्कल ४.० बरोबर आलेली ही लायब्ररी डॉसबॉक्समधल्या (आजच्या संगणकावर जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टर्बो सीमुळे आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून चालते.

ग्राफिक्स मोड सुरू करणाऱ्या इनिटग्राफनंतर लगेच ग्राफरिझल्ट, म्हणजे एरर कोड, तपासा. जर्नलमधल्या प्रोग्रॅममध्ये बहुधा नेमकी हीच ओळ नसते. शून्य आलं तर ठीक. उणे ३ म्हणजे ड्रायव्हरची फाइल सापडली नाही. इनिटग्राफला दिलेल्या पाथमध्ये एकच बॅकस्लॅश असेल आणि नावं स्मॉल अक्षरांत असतील, तर टर्बोसी३ मधल्या 'टी'चा टॅब होतो आणि बीजीआयमधल्या 'बी'चा बॅकस्पेस. बॅकस्लॅश दोनदा द्या. लिंकरलाच इनिटग्राफ सापडत नसेल, तर ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज इथे ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करायची राहिली आहे.

मेमरीची मर्यादा इमेजसाइझ दाखवतं: चित्राचा तुकडा साठवायला किती बाइट लागतील ते हे फंक्शन सांगतं. ६४० × ४८० आणि १६ रंगांत पूर्ण पडदा १,५३,६०० बाइटचा होतो, पण पडद्यावरचं चित्र मेमरीत घेणाऱ्या गेटइमेजला एका वेळी ६४ केबीच्या आतलाच तुकडा चालतो. म्हणून १६० ओळींच्या तीन पट्ट्या करा आणि कंपायलरचं मेमरी मॉडेल लार्ज ठेवा, म्हणजे ६४ केबीपेक्षा जास्त डेटा मावेल.

याच मोडमध्ये पान (व्हिडिओ मेमरीतला एक पूर्ण पडदा) एकच असल्यानं हलतं चित्र लुकलुकतं. ६४० × ३५० मध्ये दोन पानं मिळतात: सेटअॅक्टिव्हपेजनं लपलेल्या पानावर काढा, सेटव्हिज्युअलपेजनं ते समोर आणा. त्यासाठी १३० ओळी सोडणं आमच्या मते नक्कीच परवडतं. मात्र इथे पिक्सेल चौरस नसतो. लायब्ररीचं सर्कल ते सांभाळून घेतं, तुम्ही मिडपॉइंट अल्गोरिदमनं बिंदू-बिंदू काढलेलं वर्तुळ खऱ्या मॉनिटरवर उभट दिसतं. डॉसबॉक्समध्ये अॅस्पेक्ट (पडद्याचं प्रमाण जुळवणारं सेटिंग) बंद असेल तर नेमकं उलट: तुमचं गोल, लायब्ररीचं चपटं. तेव्हा अल्गोरिदमला दोष देण्याआधी ते सेटिंग बघा.

वेग मोजताना डॉसबॉक्समधल्या सायकल्सचा (नक्कल केलेल्या प्रोसेसरच्या वेगाचा) आकडा कायम ठेवा आणि निकालाशेजारी लिहा. पीसीच्या घड्याळाचा ठोका सेकंदाला १८.२ वेळा पडतो, त्यामुळे एकेक पिक्सेल मोजण्यात अर्थ नाही. पूर्ण पडदा एकेक बिंदू काढणाऱ्या पुटपिक्सेलनं भरा, मग भरीव आयत काढणाऱ्या बारनं. पुटपिक्सेल दर बिंदूला पत्ता नव्यानं काढतं, म्हणून बराच मागे पडतं. व्हीजीएच्या ३२० × २०० मध्ये २५६ रंग हवे असतील तर मोजायलाच नको, सोबतच्या ईजीए-व्हीजीए ड्रायव्हरमध्ये तो मोड नाही.