अवजड ट्रेलरसाठी डिझेल पिकअप निवडताना

अमेरिकेत अवजड डिझेल पिकअप घेणाऱ्यांपैकी बरेच जण आधी ट्रक पसंत करतात आणि त्यामागे कोणता ट्रेलर जोडायचा याचा विचार नंतर करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. घोड्यांचा ट्रेलर, राहण्याचा फिफ्थ-व्हील (ट्रकच्या हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात बसवलेल्या जोडणीवर टेकणारा ट्रेलर), ट्रॅक्टर किंवा खोदकामाचे यंत्र वाहणारा गूजनेक (तसाच, पण हौद्यातल्या गोळ्यावर टेकणारा) यांपैकी काय ओढायचे आहे, त्याचे भरलेले वजन किती होईल आणि त्यातला किती भार ट्रकच्या पाठीवर येईल, हे कागदावर मांडल्याखेरीज विक्रेत्याच्या दारात पाऊलच ठेवू नये. ट्रेलरचे रिकामे वजनही येथे फसवे ठरते, कारण पाणी, सामान, चारा किंवा अवजारे भरल्यावर ते सहज दोन-तीन हजार पौंडांनी वाढते. म्हणून हिशोब ट्रेलरच्या कमाल अनुमत वजनावर, म्हणजे त्याच्या पाटीवरील जीव्हीडब्ल्यूआरवर करावा.

जाहिरातीत ठळक छापलेला ओढण्याच्या क्षमतेचा आकडा खोटा नसतो, पण तो बहुतेक वेळा आपल्या ट्रकचा नसतो. तो आकडा त्या मालिकेतल्या एका विशिष्ट रचनेचा असतो. लहान केबिन, मागे दुहेरी चाके, अनेकदा फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी रचना आणि गूजनेक जोडणी, असे सारे जुळून आले म्हणजे तो मिळतो. आज बहुतेक उत्पादक ही क्षमता एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार ठरवतात. त्यातली एक चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या घाटाची आहे. सुमारे ११.४ मैलांची ही चढण भर उन्हाळ्यात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाने चढावी लागते. ही चाचणी खडतर आहे आणि तिचा आदर करावा, मात्र तिच्यात केबिनमध्ये प्रत्येकी १५० पौंडांच्या दोनच व्यक्ती गृहीत धरलेल्या असतात. चौघांचे कुटुंब, कुत्रा, शीतपेटी आणि ट्रकच्या हौद्यातली अवजारे त्या गणितात नसतात.

खरी मर्यादा बहुधा ओढण्याच्या क्षमतेत नसून पाठीवर पेलण्याच्या क्षमतेत असते, आणि या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट हीच आहे. ट्रकच्या मागच्या टोकाला असलेल्या साध्या हिचला, म्हणजे जोडणीला, जोडलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर येतो. फिफ्थ-व्हील आणि गूजनेकमध्ये हा वाटा १५ ते २५ टक्के असतो आणि तो थेट मागच्या आसाच्या वर बसतो. एक उदाहरण मांडून पाहू. फिफ्थ-व्हीलचे कमाल वजन १४,००० पौंड आहे आणि त्याच्या २० टक्के, म्हणजे २,८०० पौंड ट्रकवर येतात. जोडणीचे उपकरण २०० पौंड, माणसे ६५० पौंड आणि हौद्यातले सामान २०० पौंड धरले, तर एकूण भार ३,८५० पौंड होतो. आता १०,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआर असलेला, मोठ्या केबिनचा, चारही चाकांना ताकद देणारा पाऊण टनी (हे अवजड पिकअपमधल्या लहान वर्गाचे केवळ रूढ नाव) डिझेल ट्रक घ्या. त्याचे स्वतःचे वजन ७,५०० पौंड असेल, तर भारासाठी उरतात फक्त २,५०० पौंड. माहितीपत्रकात हाच ट्रक १४,००० पौंडांचा ट्रेलर सहज ओढू शकतो असे लिहिलेले असते, आणि इंजिन खरोखरच तो ओढेलही, पण ट्रकवर त्याच्या एकूण मर्यादेपेक्षा १,३५० पौंड अधिक भार पडलेला असेल, आणि त्याचा बहुतेक ताण मागचा आस, टायर आणि स्प्रिंगा यांवर येईल. त्याच्या वरच्या वर्गातल्या एक टनी ट्रकचे जीव्हीडब्ल्यूआर ११,५०० आणि स्वतःचे वजन ७,६०० पौंड धरले, तर ३,९०० पौंड उरतात, म्हणजे जेमतेम निभावते. दुहेरी चाकांच्या १४,००० पौंडी ट्रकचे वजन ८,२०० पौंड धरले, तर ५,८०० पौंड मिळतात आणि श्वास घ्यायला जागा राहते.

ही वजने उदाहरणादाखल घेतली आहेत. आपल्या ट्रकचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पाहावा. माणसे आणि सामान मिळून किती वजनापलीकडे जाऊ नये, हे पिवळ्या-पांढऱ्या पट्टीवर स्पष्ट लिहिलेले असते. १०,००० पौंडांपेक्षा अधिक जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या ट्रकवर ही पट्टी बंधनकारक नाही, त्यामुळे तेथे जीव्हीडब्ल्यूआरमधून ट्रकचे प्रत्यक्ष वजन वजा करावे लागते. एकाच नावाच्या दोन ट्रकांमध्ये हा फरक अनेक शे पौंडांचा असू शकतो, कारण काचेचे छत, विजेवर सरकणारी आसने आणि पायदाने हे सारे त्याच वहनक्षमतेतून वजा होते. स्वतः डिझेल इंजिनही पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड असल्यामुळे, ओढण्याची ताकद वाढवताना ते पेलण्याची क्षमता थोडी कमी करते.

मग डिझेल का घ्यावे? घाटात याचे उत्तर मिळते. डिझेलचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच भरपूर मिळतो, त्यामुळे चढणीवर इंजिन किंचाळत नाही आणि गिअर सतत बदलावे लागत नाहीत. शिवाय हवा विरळ होते तसे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे, म्हणजे तेथे अशा इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो डिझेल ही घट बऱ्याच अंशी भरून काढते. उतरणीवरचा लाभ मला चढणीपेक्षाही मोलाचा वाटतो. टर्बोची पाती मिटून निकासातल्या वायूंना अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक ट्रकचा वेग रोखून धरतो, आणि चाकांचे ब्रेक तापून निकामी होण्याची वेळ येत नाही. चाचणी घेताना हा ब्रेक चालू करून लांब उतार उतरून पाहिल्याशिवाय कोणत्याही ट्रकला होकार देऊ नये.

फोर्डचे ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक व्ही-८, जनरल मोटर्सचे ६.६ लिटर ड्युरामॅक्स व्ही-८ आणि रॅमचे ६.७ लिटर कमिन्स सहा-सिलिंडरी इंजिन यांच्या चाहत्यांचे वाद न संपणारे आहेत. फोर्डचे इंजिन मूळ रूपात १,०५० आणि अधिक ताकदीच्या रूपात १,२०० पौंड-फूट टॉर्क देते, रॅम २०२५च्या मॉडेलमध्ये १,०७५ आणि ड्युरामॅक्स ९७५. उदाहरणातल्या १४,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी ही तिन्ही पुरेशी आहेत. त्यामुळे टॉर्कच्या या फरकावर निर्णय सोडण्यापेक्षा आपल्या गावाजवळ कोणाची सेवा चांगली मिळते, आरसे आणि ट्रेलरचे कॅमेरे कसे आहेत आणि आसनावर सहा तास बसवते का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मागच्या आसाचे गिअर-गुणोत्तर मात्र दुर्लक्षू नये. मोठा आकडा अवजड भार हलवायला सोपा, तर लहान आकडा रिकाम्या प्रवासात इंधन वाचवणारा असतो. आताच्या आठ आणि दहा गिअरांच्या स्वयंचलित पेट्यांमुळे हा फरक पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही.

ज्यांचा ट्रक आठवड्यातले पाच दिवस बाजारहाट आणि शाळेच्या फेऱ्यांत जाणार आहे, त्यांना डिझेल घेऊ नका असे मी मनापासून सांगेन. डिझेलसाठी साधारण १०,००० डॉलर अधिक मोजावे लागतात, आणि त्याच्या निकास यंत्रणेला लांब, तापलेला प्रवास लागतो. काजळी गाळणीत साचते आणि निकास पुरेसा तापल्यावरच ती जळून जाते. छोट्या फेऱ्यांत ही प्रक्रिया अर्धवट राहून गाळणी तुंबते. त्याखेरीज निकासातले घातक वायू निवळण्यासाठी ३२.५ टक्के युरिया असलेले डीईएफ द्रव वेगळ्या टाकीत वेळोवेळी भरावे लागते, आणि ते उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. टाकीला तापवणारी यंत्रणा असते, पण थंड प्रदेशात इंधन घट्ट होण्याचा आणि इंजिन तापवण्याच्या सोयीचा विचार आधीच करावा लागतो. वर्षातून दोन-तीनदाच साध्या वजनाचा ट्रेलर ओढायचा असेल, तर मोठे पेट्रोल इंजिन स्वस्तही पडते आणि निर्धास्तही.

दुहेरी चाके हवीत की एकेरी, हा प्रश्न वरच्या हिशोबातच सुटतो. वाऱ्यात आणि मोठ्या ट्रकशेजारून जाताना दुहेरी चाकांचा ट्रक ठाम राहतो, पण मागून तो सुमारे आठ फूट रुंद असल्याने शहरात, वाहनतळावर आणि गाडी धुण्याच्या यंत्रात त्रास देतो. फिफ्थ-व्हील ओढायचा असेल तर आठ फुटांचा हौदा घ्यावा. आखूड हौद्यात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला घासण्याची भीती असते, आणि ती टाळण्यासाठी मागे सरकणारी जोडणी बसवावी लागते, जी पुन्हा वजनात भर घालते.

व्यवसायासाठी ट्रक घेणाऱ्यांनी परवान्याचा नियमही पाहावा. ट्रक आणि ट्रेलर मिळून अनुमत किंवा प्रत्यक्ष वजन २६,००१ पौंड वा अधिक असेल आणि ट्रेलरचे जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांहून जास्त असेल, तर व्यावसायिक वर्ग ए परवाना लागतो. खासगी वापरासाठी राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, म्हणून आपल्या राज्याच्या वाहन विभागाचे पान वाचूनच खरेदी करावी.

जुना ट्रक घेत असाल तर चाललेल्या मैलांबरोबर इंजिनाचे तासही पाहा. मैलांना तासांनी भागल्यावर सरासरी फार कमी आली, तर तो ट्रक बराच काळ उभ्यानेच चालू राहिला आहे, आणि त्याची गाळणी व तेल यांची अवस्था तपासून घ्यावी लागेल. निकास यंत्रणेतली गाळणी काढून टाकलेला ट्रक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. स्वच्छ हवा कायद्याने अशी छेडछाड बेकायदा आहे.

सौदा पक्का करण्यापूर्वी टाकी भरून, कुटुंबाला बसवून ट्रक महामार्गावरच्या वजनकाट्यावर न्या. पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे घ्या, त्यांची बेरीज जीव्हीडब्ल्यूआरमधून आणि मागच्या आसाचे वजन त्याच्या स्वतःच्या मर्यादेतून वजा करा. या दोहोंपैकी लहान आकडा आपल्या ट्रेलरचा भार आणि जोडणीचे वजन यांना पुरत नसेल, तर त्याच दिवशी एक पायरी मोठा ट्रक मागा.