नैसर्गिक नियमाचे नीतिशास्त्र शिकताना: ‘निसर्ग’ या शब्दाशी झालेला झगडा

तत्त्वज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात ख्रिस्ती नीतिविचाराचा पेपर निवडला, तेव्हा नैसर्गिक नियमाचा सिद्धांत, म्हणजे चांगले-वाईट काय हे माणसाच्या निसर्गावरून ओळखता येते हा विचार, त्यातला सर्वांत सोपा भाग ठरेल अशी माझी खात्री होती. वसईच्या कॅथलिक घरात वाढल्यामुळे ‘अमुक गोष्ट निसर्गाच्या विरुद्ध, म्हणून ती पाप’ हे वाक्य रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापासून कानांवर पडलेले होते, आणि सगळा सिद्धांत म्हणजे या एका वाक्याचा विस्तार, असे मी धरून चालले होते. पहिल्या निबंधात मी तसेच लिहिले. प्राध्यापकांनी समासात एकच प्रश्न लिहून तो परत केला: मांजर उंदराला मारते हेही नैसर्गिकच आहे, मग त्यातून माणसासाठी कोणता नियम निघतो? त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देता येईपर्यंत वर्ष उलटले. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचा तो काळ थोडा वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली अडचण भाषेची आहे. आज ‘निसर्ग’ म्हटले की आपल्यापुढे डोंगर, पाऊस आणि झाडे उभी राहतात, आणि ‘निसर्गनियम’ म्हटले की गुरुत्वाकर्षण आठवते. या सिद्धांताची मांडणी करणारा तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस ज्या अर्थाने ‘नातुरा’ हा लॅटिन शब्द वापरतो, त्याला मराठीत ‘स्वभाव’ किंवा ‘प्रकृती’ हे शब्द अधिक जवळचे आहेत: एखादी वस्तू जी आहे ती ज्यामुळे आहे आणि ज्या पूर्णत्वाकडे तिचा ओढा आहे, ती तिची आतली घडण. ‘ती निसर्गतःच शांत आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा निसर्ग या शब्दाचा हाच जुना अर्थ अजून जिवंत असतो. माणसाची घडण बुद्धीची आहे, आणि म्हणून त्याच्या बाबतीत निसर्गाला धरून वागणे म्हणजे विवेकाला धरून वागणे, हे थॉमसचे मूळ म्हणणे आहे. मांजराच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते.

मूळ ग्रंथ वाचण्याला पर्याय नाही, आणि तो म्हणजे थॉमसचा ‘सुम्मा थिओलॉजिए’; त्याचे भाग ‘प्रश्न’ नावाच्या प्रकरणांत आणि प्रत्येक प्रश्न ‘कलमां’त विभागलेला आहे. त्याच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या अर्ध्यात नियमाविषयीचे विवेचन 90 व्या प्रश्नापासून सुरू होते आणि नैसर्गिक नियम 94 व्या प्रश्नात येतो. बहुतेक विद्यार्थी थेट 94 उघडतात, आणि मीही तेच केले होते. परंतु 90 मध्ये नियमाची व्याख्या आहे: नियम म्हणजे सर्वांच्या हितासाठी, समूहाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने केलेली आणि जाहीर केलेली विवेकाची आज्ञा. पुढे 91 मध्ये तो सांगतो की विवेकशील प्राण्याने ईश्वराच्या शाश्वत नियमात घेतलेला सहभाग म्हणजेच नैसर्गिक नियम. हे दोन टप्पे वगळून 94 वाचले, तर त्यातील प्रवृत्तींची मांडणी जीवशास्त्राच्या यादीसारखी दिसू लागते. स्वतःचा जीव राखणे ही प्रवृत्ती सर्व अस्तित्वांना समान, संतती आणि तिचे संगोपन ही प्राण्यांसह समान, आणि ईश्वराविषयीचे सत्य जाणणे व समाजात राहणे ही केवळ विवेकामुळे. पण या तिन्ही पायऱ्या ‘चांगले ते करावे आणि साधावे, वाईट ते टाळावे’ या विवेकाच्या पहिल्या तत्त्वाखाली येतात, त्याच्या आधी नाही.

वाचनाच्या पद्धतीविषयीही सावध करायला हवे. सुम्मातील प्रत्येक कलम आधी विरोधी मते मांडते, मग एखाद्या प्रमाणवचनाने त्यांना अडवते, त्यानंतर ‘माझे उत्तर असे’ म्हणून थॉमसचे स्वतःचे मत येते, आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला उत्तर मिळते. 94 व्या प्रश्नाचे दुसरे कलम ‘नैसर्गिक नियमात एकच आज्ञा आहे असे दिसते’ अशा आक्षेपाने उघडते, आणि मी ते वाक्य थॉमसचे मत म्हणून उतरवून घेतले होते. सुरुवातीचे काही महिने कलमाचा मधला भाग प्रथम वाचावा आणि नंतर आक्षेपांकडे परतावे.

हा सिद्धांत ताठर आहे, ही समजूत याच प्रश्नाच्या चौथ्या कलमाने माझ्यापुरती मोडली. ठेव मागितली की परत करावी, हा विवेकाला धरून असलेला नियम आहे आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण ती ठेव आपल्याच देशाविरुद्ध लढण्यासाठी मागितली जात असेल तर? थॉमस म्हणतो की आपण जितके तपशिलात उतरू, तितका सामान्य नियम अपुरा पडण्याची शक्यता वाढते. यावरून त्याच्याकडे सगळेच परिस्थितीवर सोडलेले आहे असे मात्र समजू नये, कारण खोटे बोलणे तो कोणत्याही प्रसंगी योग्य मानत नाही.

माझ्या मते या विचाराचे सर्वांत सुंदर रूप दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, चोरीविषयीच्या 66 व्या प्रश्नाच्या सातव्या कलमात आहे. मालमत्तेची वाटणी मानवी नियमाने होते, परंतु भौतिक वस्तू माणसाच्या गरजा भागवण्यासाठी आहेत ही व्यवस्था नैसर्गिक नियमाची आहे, आणि मानवी नियम तिला बाजूला सारू शकत नाही. म्हणून जीव जाण्याची वेळ आलेल्या, दुसरा कोणताही उपाय न उरलेल्या माणसाने परक्याच्या वस्तूतून आपली गरज भागवली, तर ती खऱ्या अर्थाने चोरीच नव्हे. तेराव्या शतकातील एका धर्मगुरूने हे शांतपणे, भावनेला हात न घालता सिद्ध करावे, याचे मला आजही नवल वाटते. ‘निसर्गाच्या विरुद्ध’ हे शब्द केवळ लैंगिक नीतीपुरते ऐकत मोठे झालेल्या माझ्यासारखीला तर हे कलम वाचून आपला सगळा वारसा पुन्हा तपासावासा वाटला.

अन्यायी कायद्याचा प्रश्नही येथेच जोडलेला आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध संत ऑगस्टिन आणि थॉमस या दोघांचाही आधार घेतला. मात्र पहिल्या अर्ध्यातील 96 व्या प्रश्नात थॉमस एक मर्यादाही घालतो, आणि परीक्षेच्या उत्तरांतून ती हमखास गळते: अन्यायी कायदा सदसद्विवेकाला बांधत नाही, पण मोठा अनर्थ किंवा गोंधळ टाळण्यासाठी माणसाने प्रसंगी आपला हक्क सोडावा, आणि कायदा ईश्वरी नियमाविरुद्ध असेल, तर तो कोणत्याही परिस्थितीत पाळू नये.

यानंतरच आधुनिक वादाकडे वळावे. जे आहे त्यातून जे असावे ते कसे निघते, हा अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ ह्यूमचा प्रश्न मनात ठेवून जर्मेन ग्रिझे यांचा याच पहिल्या तत्त्वावरील 1965 चा लेख आणि जॉन फिनिस यांचा ‘नॅचरल लॉ अँड नॅचरल राइट्स’ हा 1980 चा ग्रंथ वाचला, तर ते दोघे मूलभूत हिते मानवी स्वभावाच्या वर्णनावरून न काढता व्यवहारी विवेकाला थेट कळतात असे का म्हणतात, हे ध्यानात येते. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे की यात ‘निसर्ग’ नावापुरताच उरतो, आणि मला ही टीका बरीचशी पटते. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी निसर्गातून ईश्वर जाणण्याच्या प्रश्नावर 1934 मध्ये आपले सहकारी विचारवंत एमिल ब्रुनर यांना दिलेला नकारही वाचावा, कारण पापामुळे पतित झालेल्या मानवी बुद्धीवर इतका भरवसा ठेवता येतो का, हा प्रॉटेस्टंट आक्षेप तेथे पूर्ण ताकदीने येतो. तो वाचताना बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय शेजारी उघडा असावा. मोशेचे नियमशास्त्र नसलेल्या परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाविषयी तेथे जे म्हटले आहे, त्याच्या अर्थावरूनच दोन्ही बाजू अजून वाद घालत आहेत.