एआय आणि फिजिक्सची ऑनलाइन कॉन्फरन्स घ्यायचीय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की ऑडिटोरियममधला कार्यक्रम जसाच्या तसा उचलून झूमवर ठेवला की झाली ऑनलाइन कॉन्फरन्स. साडेनऊला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय, मग अध्यक्षीय मनोगत, हे लॅपटॉपवर बघत कोणी बसत नाही हो, माणूस कॅमेरा बंद करतो, चहा टाकायला उठतो आणि तो परत येतच नाही. लोक खरोखर लक्ष देऊन हजर असतात असे दिवसाचे फार तर तीन-चार तास मिळतात. म्हणून माझा एकच नियम आहे: जे रेकॉर्ड करून आधी देता येतं ते लाइव्ह करायचं नाही, आणि लाइव्ह वेळ फक्त भांडायला, म्हणजे प्रश्नोत्तरांना ठेवायचा. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

विषय आवळा. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स इन फिजिक्स" हे नाव पोस्टरवर छान दिसतं पण त्यात काय वाट्टेल ते मावतं. २०२४ चं फिजिक्सचं नोबेल हॉपफील्ड आणि हिंटन यांना न्यूरल नेटवर्कच्या (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या, डेटावरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कामासाठी मिळालं तेव्हापासून तर जो तो आपल्या जुन्या कामाच्या टायटलमध्ये न्यूरल नेटवर्क घुसवतोय. टोकामॅकमधला (अणुसंमीलनाच्या भट्टीतला) प्लाझ्मा कंट्रोल करणारा, क्वांटम स्पिन्सची वेव्हफंक्शन (कणांच्या अवस्थेचं गणित) न्यूरल नेटवर्कने लिहिणारा आणि फ्लुइडची समीकरणं सोडवायला पिन्स (फिजिक्सचे नियम आत घातलेली न्यूरल नेटवर्क) वापरणारा, हे तिघं एका सेशनमध्ये बसवले तर तिघंही एकमेकांच्या वेळेला मेल चेक करणार. त्यापेक्षा एखादा प्रश्न धरा. समजा पुण्यातून करताय, तर "गोंगाटातून सिग्नल कसा शोधायचा" हा प्रश्न घ्या. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश मोबाइल टॉवरपासून सगळ्याचा गोंगाट ऐकत असतात, ग्रॅव्हिटेशनल वेव्ह (गुरुत्वीय लहरी) पकडणाऱ्या लायगोच्या डेटात ग्लिच, म्हणजे खोटे झटके, येतात (ग्रॅव्हिटी स्पाय प्रोजेक्टमध्ये सामान्य लोक आणि मशीन लर्निंग मिळून ते ग्लिच ओळखतात), आणि सर्न या जिनिव्हाच्या प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या यंत्रात सेकंदाला जवळपास ४ कोटी वेळा बंच क्रॉसिंग होतात, म्हणजे प्रोटॉनचे गठ्ठे एकमेकांतून जातात, त्यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे मायक्रोसेकंदात ठरवावं लागतं. तिन्ही लोकांचं दुखणं एकच, फक्त भाषा वेगळी. असे लोक समोरासमोर आले की मजा येते. शिवाय आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था पुण्यातच आहेत, लायगो इंडिया हिंगोलीत होतेय, त्यामुळे स्पीकर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

कमिटीत निम्मे फिजिक्सवाले, निम्मे मशीन लर्निंगवाले घ्या, आणि प्रत्येक अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोन्हीकडच्या एकेकाला वाचायला द्या. नुसते फिजिक्सवाले असले की "९९ टक्के अ‍ॅक्युरसी" बघून खूश होतात, नुसते मशीन लर्निंगवाले असले की त्यांना आर्किटेक्चर, म्हणजे मॉडेलची रचना, नवीन दिसलं की पुरे, मग त्यात एनर्जी कॉन्झर्व्ह होतेय का नाही हे कोणीच विचारत नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या फॉर्ममध्येच चार गोष्टी विचारून टाका: डेटा कुठला आणि तो खरा की सिम्युलेशनचा, साध्या जुन्या पद्धतीशी तुलना केली का, एरर बार (उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं ते) आहेत का, कोड उघडा आहे का. या चारांनी निम्मा कचरा आपोआप गळतो. सिम्युलेशनवर शिकवलेलं मॉडेल खऱ्या डिटेक्टरच्या डेटावर आपटतं हे या क्षेत्रातलं नेहमीचं रडगाणं आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत असेल तर सरळ परत पाठवा.

आणि हो, चॅटबॉटने लिहिलेले अ‍ॅबस्ट्रॅक्ट येणारच, ढिगाने येणार. भाषा सुधारायला वापरलं तर माझी काही तक्रार नाही, आपल्या मुलांना इंग्रजीचा त्रास होतो हे खरंच आहे, पण काय वापरलं ते फॉर्ममध्ये लिहायला सांगा आणि रेफरन्स मात्र उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेले पेपर तिथे सापडतात. रिव्ह्यू करणाऱ्यांनाही बजावून ठेवा की दुसऱ्याचं अप्रकाशित काम बॉटमध्ये पेस्ट करायचं नाही.

आता वेळ. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. संध्याकाळी साडेसहा ही आपली सोन्याची वेळ आहे: उन्हाळ्यात जिनिव्हात तेव्हा दुपारचे ३, बोस्टनला सकाळचे ९, टोकियोत रात्रीचे १०. कॅलिफोर्नियाला मात्र पहाटेचे ६, तिथल्या स्पीकरला शेवटचा स्लॉट द्या. हिवाळ्यात युरोप-अमेरिकेचं घड्याळ एक तास मागे जातं, आपलं जात नाही. त्यातही गंमत अशी की अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांचे हिशोब चुकतात, तेवढ्यात कॉन्फरन्स ठेवूच नका. वेळापत्रक यूटीसीमध्ये (जगाच्या प्रमाणवेळेत) छापा, शेजारी आपली वेळ लिहा, आणि कॅलेंडरची फाइल द्या म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनवर ज्याची त्याची वेळ दिसेल. दिवसाला साडेतीन तास, चार दिवस. आठ तासांचे दोन दिवस ठेवले तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि तुमचे व्हॉलंटियर एवढेच उरता.

टॉक आधी रेकॉर्ड करून मागवा, १५ ते २० मिनिटांचे. २०२० मध्ये आयसीएलआर ही मशीन लर्निंगची मोठी कॉन्फरन्स अदिस अबाबाला व्हायची होती ती कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन झाली, तेव्हाही टॉक आधीच रेकॉर्ड केलेले होते. पण खरं सांगू का, आधी व्हिडिओ बघून येणारे थोडेच असतात. म्हणून लाइव्हमध्ये स्पीकरला पाच मिनिटं द्या, थोडक्यात सांगू दे काय केलं ते, आणि पुढची पंधरा मिनिटं प्रश्न. स्पीकरला डेडलाइन खरी सांगू नका, आठवडाभर आधीची सांगा. आवाजाकडे लक्ष द्या, चित्र धूसर असलं तर लोक सहन करतात, पण पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या नाही सहन करत. साधा वायरवाला इअरफोन पुरतो.

प्रश्नोत्तरं आपोआप होत नाहीत, ती घडवावी लागतात. पाहुण्यांच्या पंगतीत पहिला घास कोणीच घेत नाही तसंच असतं, सगळे म्यूटवर बसून राहतात. सेशन चेअरला सांगून ठेवा की व्हिडिओ बघून दोन प्रश्न खिशात ठेवायचे, त्यातला एक अगदी साधा असू दे, "तुम्ही लॉस फंक्शन म्हणता ते नेमकं कशाचं" असा (लॉस फंक्शन म्हणजे मॉडेल किती चुकतंय ते मोजायचं सूत्र), म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते. पहिला खरा प्रश्न विद्यार्थ्याचा घ्यायचा, प्रोफेसरचा नाही. नाव न सांगता प्रश्न टाकायची सोय ठेवा, स्लायडो वगैरे चालतं. बारामतीच्या कॉलेजमधली एमएस्सीची मुलगी सर्नच्या माणसाला माइकवर प्रश्न विचारायला कचरेल, पण टाइप करून नक्की विचारेल, आणि कित्येकदा तोच प्रश्न सगळ्यात चांगला निघतो.

साधनांवर फार डोकं खपवू नका. रजिस्ट्रेशन, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, वेळापत्रक सगळं इंडिकोवर होतं, ते सर्नने बनवलंय आणि ओपन सोर्स आहे, तुमच्या संस्थेत किंवा ओळखीच्या संस्थेत ते असेल तर मागून घ्या. झूमवर वेबिनार घेऊ नका, मीटिंग घ्या, वेबिनारमध्ये लोकांना एकमेकांचे चेहरेच दिसत नाहीत. वेटिंग रूम चालू, स्क्रीन शेअर फक्त होस्टला, आणि लिंक प्रत्येकाला वेगळी मेलवर. ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत की संपलं, २०२० मध्ये झूममध्ये घुसून धिंगाणा घालणारे किती होते आठवतंय ना. को-होस्ट तीन ठेवा, आणि तिघंही वेगवेगळ्या घरून, वेगवेगळ्या इंटरनेटवर, म्हणजे एकाकडे लाइट गेली तरी मीटिंग चालू राहते. बाहेरच्या लोकांसाठी यूट्यूबवर लाइव्ह सोडा. गप्पांसाठी डिस्कॉर्ड किंवा स्लॅक, दोन्ही नको, एकच.

पोस्टर सेशन गॅदरसारख्या ठिकाणी ठेवतात, छोटी माणसं नकाशावर फिरतात आणि जवळ गेलं की आवाज येतो. दिसायला गोड आहे पण जुन्या लॅपटॉपवर रडतं. मी ब्रेकआउट रूमच पसंत करतो, एका रूममध्ये चार पोस्टर आणि एक सीनियर माणूस जो हलणारच नाही.

एक दिवस ट्युटोरियलला द्या, ऑनलाइनचा खरा फायदा तिथे आहे. लायगोचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेली पहिली ग्रॅव्हिटेशनल वेव्ह गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय) नोटबुक, म्हणजे कोडचं पान, उघडून कोणीही स्वतः शोधू शकतो, महागडा कॉम्प्युटर लागत नाही. आधी नुसतं मॅच्ड फिल्टर (अपेक्षित सिग्नलचा नमुना डेटावर सरकवत जुळतो का बघायची जुनी पद्धत) करून घ्या, मग न्यूरल नेटवर्क, म्हणजे मुलांना कळेल की जुनी पद्धत किती दमदार आहे. नोटबुक दोन दिवस आधी पाठवा आणि कोणत्या लायब्ररीची कोणती व्हर्जन ते लिहून टाका, नाहीतर अर्धा तास एररमध्ये जातो. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांच्यासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये एकत्र बसायची सोय करा. २०२० च्या जानेवारीत, कोविडचा गोंधळ सुरू व्हायच्या आधी, फोटॉनिक्सवाल्यांनी (प्रकाशाच्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्यांनी) ऑनलाइन मीटअप घेतला होता तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी असंच खोलीत जमून तो बघितला होता. ही कल्पना मला फार आवडते, कारण त्यामुळे चहाच्या वेळेच्या गप्पाही होतात.

परवानगीचं आधी बघा. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी संस्थांना ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदेसाठीही मंजुरी लागेल असा आदेश निघाला, शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि फेब्रुवारीत तो मागे घेतला गेला. तरी तुमच्या ऑफिसचा आत्ताचा नियम काय ते लेखी विचारून घ्या. फी शक्यतो ठेवू नका, परदेशातून पन्नास रुपये येण्यासाठी अकाउंट्सवाले तुम्हाला दहा कागद मागतील.

संपल्यावर स्लाइड्स आणि नोटबुक झेनोडोवर (संशोधनाचं खुलं ऑनलाइन कोठार) टाका, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो आणि मुलांना सीव्हीत लिहिता येतं. व्हिडिओ टाकायच्या आधी स्पीकरची लेखी हो घ्या, काहींचं काम अजून छापून यायचं असतं.

आणि सर्टिफिकेट. "सर सर्टिफिकेट कधी मिळेल" असे मेल पहिल्या दिवशी दुपारपासून सुरू होतात, लॉकडाऊनमध्ये वेबिनारांनी लावलेली सवय आहे ती. नियम आधीच जाहीर करा: तीन दिवस हजेरी आणि एक प्रश्न विचारलेला किंवा ट्युटोरियलची नोटबुक सबमिट केलेली. नाव फॉर्ममध्ये जसं टाइप केलंय तसंच छापलं जाईल हेही ठळक लिहा, स्पेलिंग बदलून द्या म्हणणाऱ्यांची रांग तरीही लागणार, पण थोडी छोटी लागेल.