घराचा नकाशा संगणकावर काढायला बसण्याआधी

स्वीट होम थ्रीडी किंवा स्केचअपसारखा घराचा नकाशा काढायचा प्रोग्रॅम उघडला की पहिल्या तासातच चार खोल्या उभ्या राहतात आणि बरंच काम उरकल्यासारखं वाटतं. अडचणी नंतर कळतात. जिना बसत नाही, क्षेत्रफळाची बेरीज जुळत नाही, छापलेल्या नकाशावर पट्टी ठेवली तर भलतंच माप निघतं. यातल्या बहुतेक चुका पहिली भिंत काढण्याआधीच झालेल्या असतात. दोन-चार गुंठ्यांवर स्वतःचं घर बांधू पाहणाऱ्यांनी काय काय गोळा करून आणि ठरवून बसावं, ते इथे कामाच्या क्रमाने लिहिलं आहे.

सुरुवात जागेच्या कागदांपासून करा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि भूमी अभिलेखच्या मोजणीची ‘क’ प्रत समोर ठेवा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं, आपण मात्र बोलतो गुंठ्यांत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट, तर एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. पाच आर जागेला पाच गुंठे धरून नकाशा काढला तर ६३ चौरस फूट जास्त धरले जातात, म्हणजे सात बाय नऊची एक न्हाणीच. कागद झाले की टेप घेऊन जागेवर जा आणि चारही बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजा. चौकोनाच्या नुसत्या चार बाजूंवरून त्याचा आकार ठरत नाही. एक कर्ण आकार पक्का करतो आणि दुसरा पडताळणीला लागतो. प्लॉट काटकोनी आहे असं गृहीत धरून काढलेलं घर आखणीच्या दिवशी एका कोपऱ्यात हद्दीबाहेर जातं. सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरतात. ती स्थानिक नगररचना विभागाकडून किंवा आपल्या परवानाधारक अभियंत्याकडून लिहून घ्या आणि भिंतींआधी तुटक रेषेने आखा. एकदा घर आवडलं की ते दोन फूट आत घ्यायला कुणाचंच मन होत नाही.

उत्तर दिशा फोनवर बघणार असाल तर लोखंडी फाटक, गाडी आणि बांधकामाच्या सळ्यांपासून लांब उभं राहा. दोन-तीन ठिकाणी बघा आणि मोजणीच्या नकाशावरच्या बाणाशी ताडून घ्या. स्वीट होम थ्रीडीमध्ये होकायंत्राच्या चौकटीत अक्षांश, रेखांश आणि वेळेचा पट्टा भरता येतो. ते न भरता बघितलेलं ऊन दुसऱ्याच गावचं असतं. पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे. तिथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, डिसेंबरात चांगलाच दक्षिणेला. त्यामुळे एकच तारीख बघून छज्जा ठरवू नका. मेमधली संध्याकाळी पाचची वेळ आणि डिसेंबरातली दुपार, दोन्ही बघा. पश्चिमेच्या शयनगृहाचं काय होणार ते पहिल्यात कळतं. पाऊस मात्र कुठलंच सॉफ्टवेअर दाखवत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पश्चिमेच्या खिडक्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

मग येतं एकक, आणि सगळ्यात जास्त माती इथेच होते. आपल्याकडे ‘दहा फूट सहा इंच’ हे माप कागदावर सर्रास १०.६ असं लिहितात. दशांश फुटांत तोच आकडा टाकला तर सॉफ्टवेअर १० फूट ७.२ इंच धरतं. १० फूट १० इंचाचं १०.१० केलं तर ते होतं १० फूट १.२ इंच, म्हणजे जवळजवळ नऊ इंच गायब. अख्खी एक भिंतच. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये (प्रेफरन्सेस) फूट-इंच असं एकक निवडा, दशांश फूट नको. त्याहून बरं म्हणजे सगळी मापं आधी मिलिमीटरमध्ये करून घ्या (एक फूट ३०४.८, एक इंच २५.४) आणि मग टाका. अभियंता आणि नियमावली दोघेही मेट्रिकमध्येच बोलतात.

भिंतीची जाडी पहिल्याच दिवशी बदला. मूळ सेटिंगमधली भिंत आपल्या नऊ इंचीपेक्षा फारच बारीक असते. विटेची नऊ इंची भिंत २३० मिमी, साडेचार इंची ११५ मिमी. आतून १२ आणि बाहेरून २० मिमी गिलावा धरला तर बाहेरची भिंत २६० मिमीच्या घरात जाते. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरणार असाल तर १००, १५० किंवा २०० मिमी धरा. जुन्या घराची डागडुजी असेल तर दगडी किंवा मातीच्या भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा, एका खोलीवरून दुसरीची ठरवू नका. शेवटी बाहेरचं एकूण माप आणि आतल्या खोल्या अधिक भिंती यांची बेरीज जुळते का ते पाहा. मजल्याची उंचीही तशीच. स्लॅब ते स्लॅब १० फूट आणि स्लॅब ५ इंचांचा असेल तर भिंत ९ फूट ७ इंच भरा. जुना नकाशा पार्श्वभूमीला घेणार असाल तर मोबाइलवर काढलेला फोटो नको, स्कॅन करून घ्या. फोटोत एक बाजू आकसते. स्केल लावताना सगळ्यात लांब माहीत असलेलं माप वापरा आणि त्याच्या काटकोनातलं दुसरं एक तपासा.

जिन्याचा हिशेब कागदावर करूनच बसा, कारण घरगुती सॉफ्टवेअर सर्वांत जास्त फसवतं ते इथे. तयार जिना हे एक घट्ट मॉडेल असतं. ते ताणलं तरी पायऱ्यांची संख्या तीच राहते. १४ पायऱ्यांचं मॉडेल १० फुटांपर्यंत ओढलं की प्रत्येक पायरी साडेआठ इंच उंच होते. चित्रात ती छान दिसते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढवत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी जिन्याला राईजर (पायरीची उंची) जास्तीत जास्त १९० मिमी आणि ट्रेड (पाऊल ठेवायची रुंदी) कमीत कमी २५० मिमी सांगितला आहे. १० फूट म्हणजे १२० इंच. १८ राईजर घेतले तर प्रत्येकी ६.६७ इंच, आरामाचे. मध्ये वळण घेणाऱ्या जिन्यात एका टप्प्याला ९ राईजर आणि ८ ट्रेड येतात. १० इंचांचा ट्रेड धरला तर टप्पा ६ फूट ८ इंच लांब. जिन्याची रुंदी आणि मधलं लँडिंग (वळणावरची सपाट जागा) ३ फूट ४ इंच धरलं, दोन टप्प्यांत ६ इंच फट ठेवली, तर आतून ७ फूट २ इंच बाय १० फूट जागा लागते. शिवाय खाली चढायला आणि वर उतरायला आणखी ३ फूट ४ इंच मोकळे हवेत. ‘जिन्याला सहा बाय आठ’ अशी जी जागा सोडलेली दिसते, त्यात हे बसत नाही. आणखी एक गोष्ट, लँडिंग ९ राईजरवर म्हणजे जमिनीपासून ५ फुटांवर येतं. त्याच्या स्लॅबची जाडी वजा केली की खाली साडेचार फूट उरतात. तिथे संडास दाखवणारे नकाशे पुष्कळ दिसतात. सॉफ्टवेअर अडवत नाही, पण माणूस तिथे उभा राहू शकत नाही.

कॉलम आणि बीम या प्रोग्रॅमना कळत नाहीत. दुमजली घरातले ९ बाय १५ इंचांचे कॉलम आपणच ठोकळे म्हणून ठेवायचे आणि वरच्या मजल्यावर तेच त्याच जागी येतात का ते पाहायचं. स्लॅबसकट १८ इंचांचा बीम १० फुटांच्या मजल्यात आला की त्याखाली साडेआठ फूट उरतात. दिवाणखान्याच्या मधोमध तो चालेल का, हे चित्रात ठोकळा टाकून बघा. नेमकी मापं आणि जागा स्ट्रक्चरल अभियंताच ठरवणार. न्हाणीचा खाली घेतलेला स्लॅबही चित्रात येत नाही, तो नुसता लिहून ठेवा.

संग्रहातलं तयार फर्निचर बहुतेक परदेशी घरांचं असतं. आपल्या पलंगाची, कपाटाची, वॉशिंग मशीनची मापं टेपने घेऊन मॉडेल त्या मापाला आणा. १० फुटी खोलीत साडेसहा फुटी पलंग आणि समोर दोन फूट खोल कपाट ठेवलं तर मध्ये दीड फूट उरतो. कपाटाचं दीड फुटी दारही तिथे धड उघडत नाही. ओट्याची उंची ३२ ते ३४ इंचांत, घरात स्वयंपाक कोण करतं ते बघून ठरवा. त्याखाली सिलिंडरला दीड फुटाचा कप्पा सोडा. देवघर, माळा, धुणं वाळवायची जागा यांचे साधे ठोकळे स्वतः करा, संग्रहात ती सापडणार नाहीत. तीन फुटी दाराला अडीच इंची चौकट बसली की आत ३१ इंच राहतात, हेही लक्षात ठेवा. झाडं, गाड्या, माणसं सगळ्यात शेवटी, कारण संगणक त्यांनीच रेंगाळतो. स्केचअपमध्ये प्रत्येक भिंतीचा लगेच ग्रुप करा. नाहीतर शेजारच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि एक हलवली की दुसरी वाकते.

क्षेत्रफळ दिसत नसेल तर बहुधा भिंतींची टोकं जुळलेली नसतात. झूम करून ती एकमेकांना जोडा. आणि खोल्यांची बेरीज म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातला कार्पेट एरिया नव्हे. कार्पेट एरियात आतल्या पार्टिशन भिंती धरतात, तर बाहेरच्या भिंती, स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची वगळतात.

फाईल दर बदलाला नव्या नावाने ठेवा, तारखेसकट. वेबवर चालणारा प्रोग्रॅम असेल तर फाईल उतरवून घेता येते का आणि फुकट आवृत्तीत छापता येतं का, हे पहिल्याच दिवशी एक खोली काढून तपासा. स्वीट होम थ्रीडीतून किंवा स्केचअपच्या मोफत वेब आवृत्तीतून डीडब्ल्यूजी, म्हणजे अभियंते वापरतात ती ऑटोकॅडची फाईल, निघत नाही. परवानगीचा नकाशा अभियंता पुन्हा काढणारच, आणि सही त्याचीच लागते. त्याला रंगीत थ्रीडी चित्रांपेक्षा प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, दार-खिडकीची मापं आणि उत्तर दिशा असलेली पीडीएफ जास्त उपयोगी. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, स्केल त्यानेच बिघडतं. १:५० ला ए-थ्री कागदावर जेमतेम २१ बाय १५ मीटर मावतात, समास धरून त्याहून कमी. कोपऱ्यात ३ मीटरची एक रेघ काढून ठेवा. १:५० च्या छापील प्रतीत ती ६० मिमी आणि १:१०० च्या प्रतीत ३० मिमी भरली पाहिजे. भरली नाही तर ती प्रत गवंड्याच्या हाती देऊ नका, सेटिंग सुधारून पुन्हा छापा.