‘सेव्हिलचा न्हावी’ बैठकीत ऐकवायचा असेल तर

सोलापुरात नाट्यपदांवर जीव टाकणारी माणसं कमी नाहीत. हुतात्मा स्मृती मंदिरात संगीत नाटक लागलं की जागेवरची दाद बघा. अशा कानांना इटालियन संगीतकार रॉसिनीचा हा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, नक्की आवडतो, मात्र रेकॉर्डिंग नीट निवडायला हवं. नव्या पेठेत आमच्या घरी रविवारी बैठक भरते, तिथल्या अनुभवावरून सांगते.

आधी गोष्ट मराठीत सांगून टाका, पाच मिनिटं पुरतात. ‘सौभद्र’मध्ये अर्जुन संन्यासी होऊन सुभद्रेच्या घरात शिरतो ना, तसाच इथे काउंट अल्माविवा एकदा दारुड्या शिपाई आणि एकदा गाण्याचा मास्तर होऊन रोझिनाच्या घरात शिरतो. तिचा पालक डॉक्टर बार्तोलो स्वतःच तिच्याशी लग्न लावायला बसलाय. सगळी कारस्थानं फिगारो न्हाव्याची. एवढं कळलं की इटालियन येत नाही म्हणून कोणी उठून जात नाही.

मग पहिल्या रात्रीचा किस्सा सांगा. 20 फेब्रुवारी 1816, रोममधलं तेआत्रो अर्जेंतिना. हीच गोष्ट पाइसिएल्लो या संगीतकाराने 1782 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गाजवली होती, त्या बुजुर्गाचा मान राखायला रॉसिनीने नाव ‘अल्माविवा’ ठेवलं. तरीही प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून प्रयोग पाडला. गिटारची तार तुटली, बाझिलिओ (रोझिनाचा खरा गाण्याचा मास्तर) झालेला गायक धडपडला, रंगमंचावर मांजर आलं, असं सांगतात. दुसऱ्या प्रयोगाला रॉसिनी घरीच बसला, आणि त्याच प्रयोगात प्रेक्षकांनी ऑपेरा डोक्यावर घेतला. त्या वेळी तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता.

आता रेकॉर्डिंग. मुखपृष्ठावरच्या मोठ्या नावांना भुलू नका. आधी रोझिनाचा आवाज कुठल्या पट्टीतला आहे ते बघा. रॉसिनीने ही भूमिका जेल्त्रूदे रिगेत्ती-जोर्जी या गायिकेच्या खालच्या, भरदार आवाजासाठी लिहिली. पुढे उंच आवाजाच्या गायिकांनी पट्टी चढवून, वर ताना-मुरक्यांची रास घालून ती आपलीशी केली. विसाव्या शतकात गायिका कोंचिता सुपर्वियाने ती पुन्हा खाली आणली आणि 1969 मध्ये संगीत अभ्यासक अल्बेर्तो झेद्दाने मूळ हस्तलिखितावरून शुद्ध प्रत काढली. माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा खालचा आवाजच ऐकवा. ‘ऊना वोचे पोको फा’ या पदात रोझिना आधी आपण किती गरीब गाय आहोत ते सांगते, क्षणभर थबकते, आणि मग डिवचलंत तर नागीण होईन म्हणते. ती धमकी खालच्या आवाजात खरी वाटते, उंच आवाजात नुसती गोड.

दुसऱ्या अंकातला गाण्याच्या शिकवणीचा प्रवेशही तपासा. पॅटी, मेल्बा अशा गायिका तिथे आपली हुकमी गाणी घालत. आपल्याकडच्या मैफली नटांचा इतिहास माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण सुरुवातीला रॉसिनीचंच पद असलेलं घ्या.

काउंटचं शेवटचं मोठं पद कित्येक वर्षं गाळलंच जायचं, इतकं ते अवघड. रॉसिनीने त्यातला भाग 1817 च्या ‘ला चेनेरेंतोला’त नायिकेला देऊन टाकला. हुआन दिएगो फ्लोरेस ते गातो, आवडलं तर वेगळं ऐकवा.

मी नवख्यांना 1972 चा चित्रपटच लावते: क्लाउदिओ अब्बादोचं संचालन, तेरेसा बेर्गांझाची रोझिना, हर्मान प्रायचा फिगारो. दोन अंक दोन रविवारी वाटून घ्या, एका बैठकीत कान दमतात.

आणि एक महत्त्वाचं, बाझिलिओचं ‘ला कालुन्निया’ सुरू होण्याआधी कूलर बंद करा. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात हे जड जातं, पण पर्याय नाही. अफवा कशी पसरते त्याचं हे पद. व्हायोलिनं अगदी कुजबुजतात. तीच ओळ पुन्हा येते, एक वाद्य वाढतं, पुन्हा येते, आणखी वाढतं, आणि शेवटी तोफेसारखा दणका बसतो. ती पहिली कुजबुज कूलरच्या घरघरीत गेली, तर दणका नुसता गोंगाट वाटतो. पद संपलं की लगेच कूलर सुरू करा, सरबत फिरवा. पहिल्या अंकाचा शेवट, जिथे सगळे एकदम गोंधळून गातात, तो लांबलचक आहे, त्याआधी लोकांना जरा गार होऊ द्या.