उत्तरं जुळवायला बसण्याआधी

फिजिक्सचा पेपर देऊन बाहेर पडलं की दारातच कोणीतरी गाठतं, "त्या घरंगळणाऱ्या गोळ्याचं काय आलं तुझं?" लगेच सांगू नका. आधी एक कोपरा गाठा, कागद काढा आणि आठवतील तेवढे प्रश्न उतरवून काढा. प्रश्न कशाबद्दल होता, आपण काय उत्तर दिलं आणि ते किती खात्रीने दिलं, एवढं पुरे. खात्रीसाठी तीन शब्द बस आहेत: पक्कं, अर्धवट, तुक्का. हे कोणाशीही बोलण्याआधीच करायचं, कारण चौघांनी 'सी' म्हटलं की आपणही 'सी'च केलं होतं असं अगदी मनापासून वाटायला लागतं.

पेपर बाहेर नेऊ देणार आहेत का, रफ वर्कचे कागद काढून घेणार का, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. नेऊ देत असतील तर सोडवताना पेपरवरच ऑप्शनला बारीक खूण करत जा. काही परीक्षांत बाहेर आल्यावर प्रश्नांबद्दल बोलायलाच बंदी असते. तसं असेल तर कागद घडी घालून ठेवा आणि गप्पा दुसऱ्या विषयावर मारा.

मग सेट बघायचा, म्हणजे प्रश्नपत्रिकेची कोणती आवृत्ती कोणाला आली होती ते. प्रश्नांचा क्रम सेटागणिक बदलतो, बऱ्याचदा ऑप्शनचाही. मी एकदा सतराव्या प्रश्नावरून एकाशी तावातावाने भांडलो होतो. दोघंही नुसती अक्षरं फेकत होतो. शेवटी कळलं की माझा सतरावा भिंगाचा होता आणि त्याचा कपॅसिटरचा. तेव्हापासून 'सतराव्याला बी' असं कोणी म्हटलं की मी आधी प्रश्न सांगायला लावतो.

आकडे जुळले नाहीत तर आधी गृहीतकं विचारा. २० मीटरवरून सोडलेला दगड जमिनीवर किती वेगाने पोचतो? गुरुत्वत्वरण १० धरलं तर २०, ९.८ धरलं तर १९.८ मीटर प्रति सेकंद. हे भांडण नाहीच. कॅल्क्युलेटर चालत असेल तर तो अंशांवर होता की रेडियनवर, हेही विचारा. ३० चा साइन उणे ०.९९ आला असेल तर दोष फिजिक्सचा नाही.

खरी मजा गोळ्यात आहे. ३० अंशांच्या उतारावरून न घसरता घरंगळणारा भरीव गोल, गुरुत्वत्वरण १०, तर त्याचं त्वरण ३.५७ येतं. कोणाचं ३ आलं असेल तर त्याने पोकळ गोल धरला. २.५ आलं तर कडी धरली. आणि ५ आलं तर घरंगळणं विसरून ठोकळ्यासारखा सरळ घसरवला. चारही ऑप्शन हेच असतील, तर पेपर काढणाऱ्याने प्रत्येक चुकीसाठी आधीच खुर्ची मांडून ठेवली होती असं समजा. म्हणून आपलं चुकलेलं उत्तर नुसतं खोडू नका, ते कुठल्या वाटेने आलं ते शेजारी लिहा. 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या कागदावर नको. त्यातून काहीच कळत नाही.

बहुमताला तर अजिबात घाबरू नका. ५ किलोचा ठोकळा जमिनीवर स्थिर आहे, स्थितिक घर्षणांक ०.४, १२ न्यूटनने आडवं ढकललं तरी हलत नाही, घर्षण किती? घोळक्यातले बहुतेक २० म्हणतील (०.४ × ५ × १०), कारण सूत्र पाठ आहे. पण २० ही वरची मर्यादा. ठोकळा हललाच नाही, म्हणजे घर्षण १२ च. इथे एकटा बरोबर असू शकतो, फक्त त्याला बलांची आकृती काढून दाखवता आली पाहिजे. हार्वर्डमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून शिकवण्याची पद्धतच यावर बेतली: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा नोंदवायचं. आपल्या घोळक्यात पहिली पायरीच गाळली जाते.

बसायचं तर तीन-चार जणांतच. 'पेपर एकदम सोपा होता' असं मोठ्याने सांगत फिरणारा त्यात नसला तर उत्तम.

मार्कांचा अंदाज शेवटी. बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असेल, तर चार ऑप्शनमधून मारलेल्या दहा तुक्क्यांचे सरासरी अडीच मार्क पडतात, तेवढेच धरा. अर्धवटवाले वेगळे मोजा. एकच आकडा न काढता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन काढा, आणि घरी विचारलं तर कमीतला सांगा.

दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर असेल तर यातलं फक्त पहिलं काम करा, कागद बॅगेत टाका आणि निघा. अधिकृत आन्सर की आली की तो बाहेर काढा. 'पक्कं' लिहिलेलं जे चुकलं, अभ्यास तिथून सुरू करायचा. आणि कीच चुकली आहे असं वाटलं, तर हरकत नोंदवायची मुदत बघून पूर्ण सोडवणूक पायऱ्यांसकट लिहून काढा. 'आमच्या सगळ्यांचं हेच आलं' याला तिथे कोणी विचारत नाही.